शहापासून चेकपर्यंत

बँकेत भरलेला चेक, चेक्सचा शर्ट, निघण्याआधी चेक केलेलं तिकीट, मुलुंडचा चेकनाका. एकाच इंग्रजी शब्दाच्या अर्थांचा हा गोतावळा पाहिला की ही माणसं एका घरची नसावीत असं वाटतं. पण मूळपुरुष एकच आहे: बुद्धिबळाच्या पटावर कोंडीत सापडलेला राजा.

भारतातलं चतुरंग साधारण सहाव्या शतकात इराणात पोचलं. तिथे राजाला धोका निर्माण झाला की खेळाडू ‘शाह’ म्हणून इशारा देत. पुढे अरबांनी हा खेळ उचलला, त्यांच्यामार्फत तो युरोपात गेला. वाटेत लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘शाह’चा उच्चार पार बदलला आणि इंग्लंडमध्ये त्याचा ‘चेक’ झाला. मराठीने मात्र तोच शब्द फारसीतून ‘शह’ म्हणून घेतला. म्हणजे आपल्या राजकारणातले शह-काटशह आणि इंग्रजी चेक हे सख्खे भाऊ. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

शह बसला की राजाला आधी त्यातून सुटावं लागतं, मनातली चाल बाजूला ठेवावी लागते. त्यावरून चेक म्हणजे रोखणं, लगाम घालणं. रोखून धरलेल्या गोष्टीची खातरजमा करून मगच ती पुढे सोडायची, म्हणून पुढे तपासणं. चौकटींच्या पटावरून चौकटीचं कापड आलं, हे सहज कळतं.

पैशाशी नातं कसं जुळलं, ते जास्त रंजक आहे. बाराव्या शतकात पहिल्या हेन्रीच्या काळापासून इंग्लंडच्या राजाचा महसुली हिशेब एका मोठ्या टेबलावर होई. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने त्याचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलंय: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर रेघा आखलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं जिकिरीचं, म्हणून पेनी, शिलिंग, पौंड यांच्या रकान्यांत सोंगट्या मांडत. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला वसुलीचा हिशेब देणारा शेरीफ. पटावर दोन राजे लढतात तशी इथे या दोघांची झुंज, असं फिट्झनील स्वतःच म्हणतो. या पटावरूनच त्या खात्याला ‘एक्सचेकर’ नाव पडलं. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतात.

अठराव्या शतकात रकमेच्या कागदाची स्थळप्रत जपून ठेवत. खोटा कागद आला तर तिच्याशी पडताळून पकडता यावा, म्हणून तिला चेक म्हणत. हळूहळू ते नाव खुद्द कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या वळणावर त्याचं स्पेलिंग ‘क्यू’ घालून वेगळं केलं, अमेरिकेने साधंच ठेवलं. भारतात १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे चेकसारख्या कागदांविषयीच्या कायद्यात, ब्रिटिश स्पेलिंग आलं आणि आपल्या चेकबुकांवर तेच छापलं जातं.