अंजिराचं परफ्यूम: महाग बाटलीत जास्त काय असतं?

अंजिराचं पान चुरगळलं की आधी नाकात शिरतो तो कच्चा, हिरवा वास. पान फाटताच त्यातली विकरं मेदाम्लांचे तुकडे पाडतात आणि त्यांतून सिस-३-हेक्झेनॉल हे हिरव्या वासाचं रसायन तयार होतं. ताज्या कापलेल्या गवताच्या वासातही ते असतं. मागोमाग येतो चिकाचा दुधाळ, ओल्या खोबऱ्याकडे झुकणारा वास. फ्रेंच परफ्यूमर ऑलिव्हिया जियाकोबेत्ती यांनी हे दोन्ही वास एकत्र आणून १९९४ मध्ये ‘प्रमिए फिगिए’ केलं. अंजिराला मध्यभागी ठेवणारं ते पहिलं परफ्यूम मानलं जातं. दिप्तिक या फ्रेंच परफ्यूम कंपनीसाठीचं त्यांचं ‘फिलोसिकोस’ १९९६ चं. तेच आज जास्त गाजतं, आणि महाग असल्यामुळे त्याच्यासारखं स्वस्तातलं काही मिळतं का, हा शोधही कायम चालू असतो.

‘महागात खरं अंजीर, स्वस्तात केमिकल’ ही समजूत मात्र साफ चुकीची आहे. अंजिराच्या पानाचा अर्क परफ्यूममध्ये वापरायला सुगंध उद्योगाच्या ‘इफ्रा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचीच मनाई आहे. पानात आणि चिकात सोरालेन, बर्गाप्टेन ही फ्युरोकुमारिनं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं, की अतिनील किरणांमुळे पेशींच्या डीएनएला जखडतात. मग कातडी लाल होते, फोड येतात, डाग महिनोन्‌महिने राहतात. पुरंदरच्या बागांत अंजिराची तोडणी करणाऱ्यांना चिकाची आग काय असते ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे पान दोन्ही बाटल्यांत नाही. पानाच्या हिरवेपणासाठी सहसा स्टेमोन हा कृत्रिम रेणू वापरतात. तो इतका तीव्र की नावापुरता पुरतो. खोबऱ्याची बाजू गॅमा-ऑक्टालॅक्टोन आणि गॅमा-नोनालॅक्टोन हे रेणू सांभाळतात. हा माल कोणत्याही परफ्यूमरला मिळतो.

खरा फरक कळतो तो वेळ गेल्यावर. हेक्झेनॉलचा रेणुभार १००, नोनालॅक्टोनचा १५६. हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. गॅस क्रोमॅटोग्राफी या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या तंत्राने मूळ परफ्यूमचे मुख्य घटक ओळखता येतात, त्यामुळे नक्कल पहिल्या फवाऱ्याला हुबेहूब वाटू शकते. पण नैसर्गिक तेलांतले डझनावारी बारीक घटक त्यात सहज निसटतात. हिरवा भाग उडाल्यावर त्याची जागा घ्यायला काहीच नसेल, तर उरतं ते निव्वळ खोबरेल. ‘फिलोसिकोस’मध्ये तिथे सीडरचं कोरडं लाकूड पुढे येतं आणि दुधाळपणाला आवर घालतं. माझ्या मते पैसे या रचनेचे आहेत.

म्हणून नकलेपेक्षा मला रोजे ए गॅले या फ्रेंच कंपनीचं ‘फ्लर द फिगिए’ पटतं. २०१३ मध्ये फ्रान्सिस कुर्कजियान यांनी केलेलं हे परफ्यूम बरंच स्वस्त आहे आणि पानाच्या मागे न लागता सरळ फळाच्या गरावर आणि लिंबूवर्गीय ताजेपणावर उभं आहे. ते फार टिकत नाही, पण त्याला स्वतःचं काही म्हणायचं आहे.

दुकानात तुलना करायची असेल तर दोन कागदी पट्ट्यांवर फवारा, पाठीमागे नावं लिहा आणि तासाभराने, मग संध्याकाळी पुन्हा हुंगा. पहिल्या पाच मिनिटांत पैसे देऊ नका.