द एज ऑफ इनोसन्स
ईडिथ व्हॉर्टन (२४ जानेवारी १८६२–११ ऑगस्ट १९३७) या अमेरिकन लेखिकेची कादंबरी. १९२० च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात ती पिक्टोरियल रिव्ह्यू या मासिकातून चार हप्त्यांत आली आणि त्याच वर्षी डी. ॲपलटन अँड कंपनीने ग्रंथरूपाने काढली. १८७० च्या दशकातील न्यूयॉर्कमधली जुनी श्रीमंत घराणी हा तिचा विषय. वकील न्यूलंड आर्चर आणि मे वेलंड यांचा वाङ्‌निश्चय जाहीर होण्याच्या सुमारासच, पोलिश सरदार नवऱ्याला सोडून आलेली मेची मामेबहीण एलेन ओलेन्स्का शहरात येते आणि आर्चर तिच्यात गुंततो. आप्तमंडळी आवाज न चढवता, निरोपाची मेजवानी देऊन तिला युरोपात परत धाडतात. मे भोळी आहे ही आर्चरची समजूत शेवटी खोटी ठरते. आपण गरोदर आहोत याची स्वतःला खात्री नसताना, पंधरा दिवस आधीच, तिने ते एलेनला सांगितलेले असते.

व्हॉर्टन याच समाजात जन्मल्या. माहेरचे आडनाव जोन्स. १८८५ मध्ये एडवर्ड व्हॉर्टन यांच्याशी विवाह, १९१३ मध्ये घटस्फोट. द हाउस ऑफ मर्थ (१९०५) व ईथन फ्रोम (१९११) या त्यांच्या याआधीच्या गाजलेल्या कलाकृती. पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये त्यांनी निर्वासितांसाठी मोठे काम केले. १९१६ मध्ये फ्रेंच सरकारने लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. ही कादंबरी त्या युद्धानंतर फ्रान्समध्येच लिहिली गेली.

शीर्षक इंग्रज चित्रकार जोशुआ रेनल्ड्झ यांच्या झाडाखाली बसलेल्या लहान मुलीच्या चित्रावरून घेतले, असे सामान्यतः मानले जाते. चित्राचा काळ १७८५ किंवा १७८८ असा सांगतात. मात्र त्याला हे नाव रेनल्ड्झ यांनी दिलेले नाही. ते १७९४ च्या सुमाराच्या मुद्रित प्रतीवरून रूढ झाले. काही समीक्षक यामागे हेन्री जेम्स यांच्या द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी (१८८१) या कादंबरीला दिलेला प्रतिसादही पाहतात. जेम्स यांच्या त्या कादंबरीच्या नायिकेचे आडनाव आर्चर आहे आणि ते व्हॉर्टन यांचे जवळचे स्नेही होते, हे लक्षात घेता हा तर्क दुर्लक्षिण्याजोगा नाही. लेखनकाळातील शीर्षक ‘ओल्ड न्यूयॉर्क’ होते. पुढे १९२४ च्या चार लघुकादंबऱ्यांच्या संचाला त्यांनी ते दिले.

कालनिर्देशाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कादंबरी १८७० च्या दशकाच्या प्रारंभी, ॲकॅडमी ऑफ म्युझिकमधील फाउस्ट ऑपेराच्या प्रयोगाने सुरू होते. पण आर्चर व एलेन ज्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भेटतात, ते सेंट्रल पार्कमधील वास्तूत १८८० मध्ये गेले. तिथे उल्लेखिलेला वुल्फ चित्रसंग्रह तर १८८७ च्या मृत्युपत्राने संग्रहालयाला मिळाला. फ्रेंच कथाकार मोपासाँचे नावही काळाच्या आधी येते. वहिनी मेरी कॅडवॉलडर जोन्स तपशील जमवून देत असताना अशा चुका राहाव्यात, याचे नवल वाटते. या चुकांना निष्काळजीपणा म्हणण्यापेक्षा दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. १८६६ पासून युरोपात राहिलेले जोन्स कुटुंब १८७२ मध्ये न्यूयॉर्कला परतले, तेव्हा ईडिथ दहा वर्षांच्या होत्या. कादंबरीतील शहर त्या मुलीच्या आठवणीत आणि पुढे तरुणपणी पाहिलेल्या शहरात मिसळलेले आहे. म्हणूनच घरांची मांडणी, जेवणाचे शिष्टाचार आणि पोशाख इतके ठसठशीत, तर सनावळी सैल.

येल विद्यापीठातील कागदपत्रांत कथेचे वेगळे आराखडे आढळतात. त्यांतल्या एकात आर्चर व एलेन विवाह करतात आणि पुढे विभक्त होतात. छापील शेवटात सव्वीस वर्षांनी विधुर आर्चर पॅरिसमध्ये एलेनच्या घराखाली येऊनही वर जात नाही. हा शेवट आराखड्यांपेक्षा निश्चितच सरस आहे. पहिल्या छपाईत विवाहविधीच्या जागी चुकून अंत्यविधीच्या प्रार्थनेचे शब्द पडले होते. नंतरच्या छपाईत ते बदलले. पहिली छपाई ओळखण्याची खूण म्हणून संग्राहक आजही ते पान पाहतात.

१९२१ चे पुलित्झर पारितोषिक या कादंबरीला मिळाले. कादंबरीसाठी ते मिळवणाऱ्या व्हॉर्टन या पहिल्या स्त्री. परीक्षकांची शिफारस सिंक्लेअर लुइस यांच्या मेन स्ट्रीटसाठी होती. पारितोषिक देणाऱ्या कोलंबिया विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ती फिरवली. परीक्षक रॉबर्ट मॉर्स लव्हेट यांनी ही गोष्ट उघड केली. अमेरिकन जीवनाचे निकोप वातावरण आणि उच्च सदाचार दाखवणाऱ्या कृतीला हा पुरस्कार द्यावा, अशी त्या वेळची अट होती. समाजाच्या सभ्य क्रौर्यावर बोट ठेवणाऱ्या कादंबरीला तो त्या कसोटीवर द्यावा, हे व्हॉर्टन यांनाच रुचले नाही आणि तसे त्यांनी लुइस यांना पत्राने कळवले. लुइस यांनी बॅबिट (१९२२) ही आपली कादंबरी त्यांना अर्पण केली.

कादंबरीवर १९२४ मध्ये मूकपट, १९२८ मध्ये नाटक आणि १९३४ मध्ये बोलपट झाला. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या १९९३ च्या चित्रपटाला वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले.