बरोबरीनंतरचा मंगळवार : चेस्टरफिल्ड, १९९७

एफए कप म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या सगळ्या फुटबॉल क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. तिच्या इतिहासात लीगच्या तिसऱ्या स्तरावरचा एकही क्लब आजवर अंतिम फेरीत पोचलेला नाही. उपांत्य फेरीपर्यंत मात्र बरेच जण गेले. १९३७ साली मिलवॉल, १९५४ला पोर्ट व्हेल, १९७६ला क्रिस्टल पॅलेस, १९८४ला प्लिमथ, २००१ला विकम्ब, २०१४ला शेफिल्ड युनायटेड. हे सगळे पहिल्याच सामन्यात हरले आणि मान ताठ ठेवून घरी गेले. पण तिघांनी उपांत्य सामना बरोबरीत सोडवला : १९५५ साली यॉर्क सिटीने, १९५९ साली नॉर्विच सिटीने आणि १९९७ साली चेस्टरफिल्डने. धाकट्या संघाने थोरल्याला बरोबरीत रोखलं की आपण टाळ्या वाजवतो आणि विषय संपवतो. जुन्या नियमात विषय तिथे संपत नसे. काही दिवसांनी, दुसऱ्या मैदानावर, पुन्हा खेळावं लागे. या तिघांची खरी गोष्ट त्या दुसऱ्या दिवसाची आहे.

आधी चेस्टरफिल्ड, कारण तिथला घास सगळ्यात जास्त हातातोंडाशी आला होता.

डर्बीशायरमधलं हे कोळशाच्या पट्ट्यातलं गाव. रेल्वेवाला जॉर्ज स्टीफन्सन आयुष्याच्या अखेरीस इथे राहिला, इथेच पुरला गेला. पण गावाची खूण म्हणजे सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा मनोरा. तो चक्क पिळवटलेला आहे. ओल्या लाकडाच्या सांगाड्यावर शिशाचे जड पत्रे चढवले, लाकूड वाळताना मुरडलं आणि मनोरा वाकडा झाला तो झालाच. सैतानाने लाथ मारली वगैरे कथा अर्थातच आहेत. फुटबॉल क्लबचं टोपणनावही त्या मनोऱ्यावरूनच, म्हणजे इंग्रजी ‘स्पायर’वरून पडलं, ‘स्पायराइट्स’. क्लबचं मैदान सॉल्टरगेट, घरांच्या रांगांमध्ये कोंबलेलं, जुनाट. गॉर्डन बँक्स पुढे इंग्लंडसाठी विश्वचषक जिंकला, त्याची लीगमधली सुरुवात याच मैदानावर १९५८मध्ये झाली. वर्षभरात क्लबने त्याला लेस्टरला विकलंही. असा क्लब माणसं घडवतो आणि विकून दिवस काढतो. १९८०मध्ये अँग्लो-स्कॉटिश कपात याच मैदानावर त्यांनी ग्लासगोच्या रेंजर्सला ३-० असं धुतलं होतं. अभिमानाने सांगण्यासारखं तेवढंच गाठीशी होतं.

१९९६-९७च्या मोसमात चेस्टरफिल्ड ‘सेकंड डिव्हिजन’मध्ये होतं. या नावाने फसायला होतं. १९९२ साली प्रीमियर लीग वेगळी निघाली आणि खालच्या सगळ्यांनी पाट्या बदलल्या. जुनं सेकंड डिव्हिजन ‘फर्स्ट’ झालं, जुनं थर्ड ‘सेकंड’. दुकान तेच, पाटी नवी. म्हणजे चेस्टरफिल्ड तिसऱ्या स्तरावर, आणि तिथेही दहाव्या क्रमांकावर मोसम संपवणारं. प्रशिक्षक जॉन डंकन, टॉटनहॅमकडून खेळलेला स्कॉटिश माणूस. त्याच्या संघाची रीत साधी होती : आधी गोल खायचा नाही, मग पुढचं बघू.

कपात ही रीत लागू पडली. अपवाद बोल्टनचा. फर्स्ट डिव्हिजनमध्ये त्या वर्षी बोल्टनने धुमाकूळ घातला होता, त्यांनी ती स्पर्धा जिंकलीही. त्यांच्याच बर्न्डेन पार्कवर चेस्टरफिल्डने ३-२ने बाजी मारली आणि तिन्ही गोल केव्हिन डेव्हिस या एकोणीस वर्षांच्या पोराने केले. पुढच्या फेरीत प्रीमियर लीगमधलं नॉटिंगहॅम फॉरेस्ट सॉल्टरगेटवर आलं. डेव्हिसला पाडलं गेलं, पेनल्टी मिळाली, टॉम कर्टिसने ती मारली, १-०. उपांत्यपूर्व फेरीत रेक्सहॅम पडलं, तेही तिसऱ्याच स्तरावरचं, म्हणजे दोघांतला एक धाकटा उपांत्य फेरीत जाणार हे ठरलेलंच. ख्रिस बोमाँटचा गोल, पुन्हा १-०.

समोर आलं मिडल्सब्रो. त्या मोसमातलं मिडल्सब्रो हा एक अजब प्रकार होता. ब्रायन रॉबसन व्यवस्थापक, ब्राझीलचे जुनिन्यो आणि एमर्सन, शिवाय युव्हेंटसकडून ७० लाख पौंडांना आणलेला फाब्रिझिओ रावानेली. चंदेरी केसांचा, गोल केला की जर्सी डोक्यावर ओढून धावणारा हा माणूस वर्षभरापूर्वी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात गोल मारून आला होता. एवढं असून संघ लीगच्या तळाशी चाचपडत होता. डिसेंबरमध्ये खेळाडू आजारी आणि जायबंदी आहेत म्हणून ते ब्लॅकबर्नला खेळायलाच गेले नाहीत. शिक्षा म्हणून तीन गुण कापले गेले आणि शेवटी त्याच तीन गुणांपायी ते खालच्या स्तरावर घसरले. लीगमध्ये बुडत होते, पण दोन्ही कपांत मात्र पुढेच. ६ एप्रिलला लीग कपचा, म्हणजे इंग्लंडमधल्या दुसऱ्या बाद स्पर्धेचा, अंतिम सामना लेस्टरशी बरोबरीत सुटला, त्याची फेरलढत १६ एप्रिलला. चेस्टरफिल्डशी गाठ मधल्या रविवारी, १३ एप्रिलला, ओल्ड ट्रॅफर्डवर. दमछाक झालेला संघ होता हे खरं. पण दमलेला रावानेलीही रावानेलीच.

पूर्वार्धात मिडल्सब्रोच्या व्लादिमिर किंडरला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. मिडल्सब्रो दहावर. मध्यंतरानंतर अँडी मॉरिसने गोल केला. थोड्या वेळाने पेनल्टी मिळाली आणि कर्णधार शॉन डाइशने ती सरळ जोरात हाणली. २-०. हा तोच डाइश, पुढे बर्नलीला प्रीमियर लीगमध्ये नेणारा, खरखरीत आवाजाचा. चार मिनिटांत रावानेलीने एक फेडला.

आणि मग ते घडलं, ज्यावर चेस्टरफिल्डमधला माणूस अजूनही वाद घालायला तयार असतो. जोनाथन हॉवर्डचा फटका आडव्या बारला खालून लागला, चेंडू खाली आपटला आणि बाहेर आला. नंतर चित्रफितीत स्पष्ट दिसलं की चेंडू रेषेच्या आत पडला होता. ३-१ झालं असतं, तेही दहा जणांविरुद्ध, वीसएक मिनिटं उरलेली. पंच डेव्हिड एलरे यांनी गोल दिला नाही. उलट चेस्टरफिल्डविरुद्धच फाउल दिला. एलरे एरवी हॅरो शाळेत शिक्षक. नेहरू शिकले ती हॅरो. मास्तरांनी निकाल दिला, वर्गाने मान्य करायचा. रेषेवर यंत्र बसवायला अजून सोळा वर्षं होती.

थोड्याच वेळात पेनल्टीवर क्रेग हिग्नेटने २-२ केलं. जादा वेळेत जियांलुका फेस्टाने मिडल्सब्रोला पुढे नेलं, ३-२. दोन गोलांची आघाडी, एक जास्तीचा माणूस, एक हिरावलेला गोल, आणि वर ही पिछाडी. इथे कुठलाही संघ मोडतो. ११९व्या मिनिटाला उजवीकडचा बचावपटू जेमी ह्यूइट पुढे आला होता. अस्सल चेस्टरफिल्डचं पोर. त्याने डोक्याने मारलेला चेंडू वेगात गेलाच नाही. उंच, सावकाश कमान करत तो गोलरक्षकाच्या वरून गेला आणि दूरच्या खांबाजवळ जाळ्यात उतरला. तो चेंडू हवेत असताना वेळ किती लांबतो हे चित्रफीत पाहतानाही जाणवतं. ३-३.

त्या गोलचं कौतुक करताना एक गोष्ट निसटते. ह्यूइटच्या गोलने सामना जिंकला नाही, फक्त पुढे ढकलला. आणि पुढे ढकललेला सामना नेहमी थोरल्याचा असतो. कारणं उघड आहेत. पहिल्या दिवशी धाकटा संघ अनोळखी असतो. त्याची उंच चेंडूंची, धसमुसळी पद्धत थोरल्याच्या अंगवळणी पडलेली नसते, आणि मनात खोलवर ‘हे काय आपल्याला हरवणार’ ही भावना असते. दुसऱ्या दिवशी यातलं काही उरत नाही. थोरल्याकडे बाकावर बसलेलेही चढ्या पगाराचे खेळाडू असतात. धाकट्याचे तेच अकरा, दुखऱ्या पायांनी, मध्ये लीगचे सामने खेळून आलेले.

यॉर्कचं असंच झालं होतं. १९५५च्या त्या संघाला चक्क व्यवस्थापकच नव्हता, आधीचा गेला आणि नवा नेमलाच नाही. तरी त्यांनी स्टॅन्ली मॅथ्यूजच्या ब्लॅकपूलला हरवलं, टॉटनहॅमला हरवलं आणि उपांत्य फेरीत शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर न्यूकॅसलला १-१ रोखलं. गोल आर्थर बॉटमचा. फेरलढत न्यूकॅसलने २-० जिंकली आणि कपही नेला.

नॉर्विचची कथा जास्त चटका लावणारी. १९५९च्या जानेवारीत आपल्या बर्फाळ कॅरो रोड मैदानावर त्यांनी मॅंचेस्टर युनायटेडला ३-० हरवलं. उपांत्यपूर्व सामन्यात शेफिल्ड युनायटेडविरुद्ध गोलरक्षक केन नेदरकॉटचा खांदा निखळला. बदली खेळाडूचा नियम तेव्हा नव्हता. तो तसाच एका हातावर गोलात उभा राहिला आणि सामना बरोबरीत सुटला. शेफिल्डविरुद्धची फेरलढत नॉर्विचने जिंकली, पण उपांत्य फेरीत गोलात उभा राहिला दुसराच माणूस, सँडी केनन. ल्यूटनशी १-१. फेरलढतीत बर्मिंगहॅममध्ये ल्यूटनच्या बिली बिंगहॅमचा एक गोल, आणि संपलं.

चेस्टरफिल्डची फेरलढत मंगळवारी, २२ एप्रिलला झाली. मैदान हिल्सबरो, शेफिल्डचं, म्हणजे चेस्टरफिल्डहून वीसेक किलोमीटरवरचं. जवळजवळ घरचंच. सहाच दिवसांपूर्वी मिडल्सब्रो याच मैदानावर लीग कपची फेरलढत जादा वेळेत हरलं होतं. कागदावर यापेक्षा चांगली संधी नाही. निकाल ३-०. बेक, रावानेली, एमर्सन. पहिल्या दिवशीचं नाट्य नाही, वाद नाही, तक्रारीला जागाच नाही.

तीन धाकटे, तीन फेरलढती, मिळून सहा गोल खाल्ले आणि एकही केला नाही.

मिडल्सब्रोचं पुढे काय झालं तेही मासलेवाईक. १७ मे रोजी वेम्बलीवर चेल्सीच्या दि मातेओने पहिल्या मिनिटातच गोल मारला. मिडल्सब्रो सामना २-० हरलं, प्रीमियर लीगमधली जागा त्याआधीच गेली होती. एका मोसमात दोन अंतिम फेऱ्या आणि पदावनती. चेस्टरफिल्डने त्याच महिन्यात डेव्हिसला साउदॅम्प्टनला साडेसात लाख पौंडांना विकलं. वर्षभरात साउदॅम्प्टनने त्याला ब्लॅकबर्नला विकलं, ७२ लाखांच्या वर. यातला फरक सॉल्टरगेटच्या तिजोरीत पडला असता तर काय, हा विचार क्लबच्या माणसांनी केला नसेल असं नाही. ते मैदान २०१० साली सुटलं. २०१८ला क्लब फुटबॉल लीगमधूनच बाहेर फेकला गेला आणि २०२४ला परत आला.

उपांत्य फेरीतली फेरलढत मात्र परत येणार नाही. शेवटची १९९९ची, मॅंचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल, रायन गिग्जने एकट्याने चेंडू नेत मारलेल्या त्या गोलची. त्यानंतर उपांत्य फेरीत त्याच दिवशी निकाल लावायचा नियम आला, आणि २०२४-२५पासून तर पहिल्या मुख्य फेरीपासूनच फेरलढती बंद. लहान क्लबांनी यावर आरडाओरड केली ती स्वप्नांसाठी कमी आणि तिकिटांच्या पैशांसाठी जास्त. मोठ्या मैदानावरची एक फेरलढत म्हणजे त्यांच्यासाठी अनेक महिन्यांचे पगार. हरले तरी चालेल, पण दुसरा सामना हवा, हा हिशेब त्यांचा पक्का होता.

२१ एप्रिल २०२४ला वेम्बलीवर दुसऱ्या स्तरावरच्या कोव्हेन्ट्रीने मॅंचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-३ वरून ३-३ केलं. जादा वेळेच्या अगदी शेवटी व्हिक्टर टॉर्पने चौथा गोल मारला, खेळाडू धावत सुटले, आणि व्हिडिओ पंचांनी आधीच्या चालीत हाजी राइट किंचित ऑफसाइड होता म्हणून तो रद्द केला. हॉवर्डच्या वेळी यंत्र नव्हतं म्हणून गोल गेला, टॉर्पच्या वेळी यंत्र होतं म्हणून. १९९७चा नियम असता तर कोव्हेन्ट्रीला आणखी एक मंगळवार मिळाला असता. निकाल लावणाऱ्या पेनल्टी लगेचच झाल्या. कोव्हेन्ट्री ४-२ हरलं.