सातबारा घेऊन वाचनालयात या : शेतकरी ओळख क्रमांकासाठी कोण पात्र, कागद कोणते, अडतं कुठे

संध्याकाळी वाचनालय उघडलं की आधी पेपर वाचणारे येतात, मग स्पर्धा परीक्षेची पोरं. जून लागला की तिसरी मंडळी दिसायला लागतात. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात घडीवर विरलेला सातबारा. "मॅडम, सेंटरवर नाव जुळत नाही म्हणले." म्हणून खिडकीजवळ एक टेबल शेतकऱ्यांसाठी ठेवलंय. त्याला वर्गणी नाही, सभासद असण्याची अटही नाही. अर्ज आम्ही भरत नाही. अर्जाआधी कागद वाचून देतो.

महाराष्ट्रात 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर खातेदार म्हणून आहे, तो पात्र. सामाईक खातं असेल तर प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. थोरल्या भावाने काढला म्हणून धाकट्याचं भागत नाही. वडिलांच्या नावावरची जमीन मुलगा कसत असेल तर क्रमांक वडिलांचा निघेल, मुलाचा नाही. यावरून टेबलापाशी पुष्कळदा आवाज चढतात.

कागद मोजकेच: आधार, आधारला जोडलेला चालू मोबाइल आणि जमीन आहे त्या प्रत्येक गावचा सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा). मोबाइल सोबत हवाच, कारण ओटीपी त्यावर येतो. सिमकार्ड बदललं असेल तर आधी आधार केंद्र गाठा, नाहीतर फेरी फुकट. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. नुसता पाहायचा असेल तर पैसे लागत नाहीत.

नोंदणी स्वतः शेतकरी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर करता येते किंवा सेवा केंद्रावर. सरकारने तिला शुल्क ठेवलेलं नाही. आधारची ओळख पटली की गाव आणि गट क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा नंबर) टाकून आपली जमीन निवडायची. आपले सगळे गट आलेत का, ते इथेच मोजा. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-सही. लगेच मिळतो तो नोंदणीचा क्रमांक. पडताळणी झाल्यावर येतो तो 11 अंकी क्रमांक खरा. पहिलाच वहीत लिहून निर्धास्त झालेले बरेच भेटतात.

आता नावाचं. आधारवर 'ज्ञानेश्वर', सातबाऱ्यावर 'ज्ञानोबा'. गाव दोन्ही नावांनी ओळखतं, संगणक ओळखत नाही. टेबलावर आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत अक्षर अक्षर वाचतो. फरक किरकोळ असेल तर पडताळणीत सुटू शकतो. सातबारा संगणकावर चढवताना चूक झाली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. सोबत जुना हस्तलिखित उतारा आणि संबंधित फेरफाराची (हक्कातल्या बदलाच्या नोंदीची) नक्कल जोडा. जुना उतारा घरात जपला असेल तर काम हलकं होतं, म्हणून जुने कागद चुलीत घालू नका.

खातेदार वारले असतील तर आधी वारस नोंद. वारसांनी 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-नाती-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ आणि वारसांचे आधार एवढं जोडा. अर्ज ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरही होतो. मग 15 दिवसांची नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. यादीत लग्न झालेल्या बहिणींची नावं हमखास गाळलेली असतात. मी ती विचारते आणि लिहायला लावते, कुणी तोंड वाकडं केलं तरी. त्या कायद्याने वारस आहेत, आणि नाव गाळलं तर हरकत येऊन फेरफार अडकतो.

क्रमांक मिळाला तरी ई-पीक पाहणी, म्हणजे पेरलेल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद, राहतेच, आणि ती वाचनालयात बसून होत नाही. गटात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढावा लागतो. नोंद चुकली तर 48 तासांत एकदा दुरुस्त करता येते. आंतरपीक असेल तर सोयाबीनसोबत तूरही नोंदवा. हमीभाव केंद्रावर सातबाऱ्यावरचं पीक बघतात.

पीक विम्याचं थोडक्यात. एक रुपयाचा विमा खरीप 2025 पासून बंद झाला. आता विमा रकमेच्या खरिपात 2 टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा. ओळख क्रमांक, सातबारा, बँक पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र लागतं; भाड्याने कसणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरारही. खरिपाची मुदत साधारण 31 जुलै, पण ती बदलते. म्हणून तारखेचं पेपरातलं कात्रण दारातल्या फळ्यावर डकवतो आणि जुनं त्याच दिवशी काढतो.

दुसऱ्या वाचनालयांना हे करायचं असेल तर टेबल, इंटरनेट आणि प्रिंटर पुरतो. फळ्यावर तलाठी सज्जावर (त्यांच्या कार्यालयात) कोणत्या वारी बसतात तेही लिहा. सगळ्यात जास्त तेच वाचलं जातं. एक पथ्य मात्र पाळा: कुणाचा ओटीपी विचारायचा नाही, आधारची झेरॉक्स ठेवून घ्यायची नाही. आमच्या प्रिंटरवर विसरलेल्या प्रती रोज कुलूप लावण्याआधी फाडून टाकतो.