डास पायावर बसू देणं वेगळं आणि मुद्दाम चावून घेणं वेगळं

मलेरियाच्या रिसर्चमधे माणसांना डास चाववतात असं कोणी म्हटलं की समजायचं, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये.

एक म्हणजे ह्युमन लँडिंग कॅच. इथे डास कोणी सोडत नाही, ते गावात असतातच. व्हॉलंटिअर रात्रभर खुर्चीवर बसतो, पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात टॉर्च, तोंडात नळी, आणि पायावर काही टेकल्यासारखं वाटलं की टॉर्च मारून डासाने सोंड खुपसायच्या आत त्याला नळीने ओढून कागदी कपात सोडायचा, दर तासाला नवा कप. (नळीत जाळी असते, डास घशात जात नाही, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.) डास घरात जास्त येतात की बाहेर, किती वाजता, रिपेलंटने कमी होतात का, हे यातून कळतं. चावलाच तर हुकलं म्हणायचं.

दुसरी चॅलेंज ट्रायल, म्हणजे मुद्दाम लागण करून लस चालते का ते बघायचं, इथे चावणं हेच काम. लॅबमधे फाल्सिपेरमची (मलेरियाच्या परजीवीची एक जात) लागण केलेले साधारण 5 डास असलेला जाळीचा कप हाताला लावून धरतात. मग आठवडाभर काहीच नाही कारण परजीवी लिव्हरमधे असतो, नंतर रोज रक्त तपासायचं आणि दिसला की लगेच औषध. 1997 ला आरटीएस,एस या मलेरियाच्या लसीच्या अशा टेस्टमधे एका गटातल्या 7 पैकी 6 जणांना मलेरिया झालाच नाही, पुढे आफ्रिकेत हजारो मुलांवर ट्रायल झाली आणि 2021 ला डब्ल्यूएचओने शिफारस केली.

ऐकायला दुसरी भयंकर, पण मला काळजी पहिलीचीच जास्त वाटते. चॅलेंजमधे परजीवीचा स्ट्रेन (उपप्रकार) कुठला, त्यावर कुठलं औषध चालतं हे आधीच माहीत असतं, बाहेरच्या डासाचं तसं नाही. म्हणून तिथे प्रतिबंधक गोळ्या देतात आणि त्या चालतातही, पश्चिम केनियात गोळ्या घेऊन डास पकडणाऱ्यांना मलेरिया इतरांपेक्षा कितीतरी कमी झाला, पण उद्या एडिस जातीचा डास चावून डेंगी झाला तर त्या गोळ्या काय कामाच्या? शिवाय रात्रीच्या पैशांसाठी बसलेला माणूस खरंच राजीखुशीने बसलाय का, हे एथिक्स कमिटीने सही बघून ठरवू नये.

आणि मधेच सोडायचं असेल तर? डास पकडणारा रात्री दोनला उठून घरी जाऊ शकतो. चॅलेंजवाल्यालाही हक्क आहेच, फक्त चावून झाल्यावर मन बदललं तर आधी औषधाचा कोर्स पूर्ण करून मग जायचं.