रसायनांच्या गोदामाची तपासणी: नियम आले कुठून?

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतची कृषी सेवा केंद्रं मालानं भरून जातात. गंधक, मोरचूद, बुरशीनाशकं, डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं हायड्रोजन सायनामाइड. द्राक्ष बागायतदार या सगळ्याला 'औषध' म्हणतो. कायदा मात्र कीटकनाशकाकडे विष म्हणूनच बघतो, आणि त्यामागे १९५८ची एक दुर्घटना आहे. त्या वर्षी केरळ आणि मद्रास राज्यांत शंभरावर माणसं विषबाधेनं दगावली. वाहतुकीत पीठ वगैरे अन्नपदार्थांसोबत नेलेलं पॅराथिऑन हे कीटकनाशक गळून त्यांत मिसळलं होतं. चौकशी आयोग बसला, १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ साली नियम आले. कीटकनाशकांचे खोके इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावेत, खोली पक्की, कोरडी, उजेडाची आणि हवेशीर असावी, असं हे नियम सांगतात. दुकानामागच्या खोलीत औषधाचे कॅन आणि घरचं धान्य शेजारी दिसलं, की मला ते पीठ आठवतं.

साठवणुकीवरचे आपले बहुतेक नियम असे कुठल्या ना कुठल्या अपघातातून आले. म्हणूनच ते एकसंध नाहीत. एकेका पदार्थाला एकेक कायदा मिळत गेला, 'गोदाम' या जागेकडे सबंध असं पाहिलंच गेलं नाही.

सर्वांत जुना धागा स्फोटकांचा, १८८४च्या कायद्याचा. पाठोपाठ १९३४चा पेट्रोलियम कायदा आला. त्याखालच्या नियमांत द्रवाचे तीन वर्ग आहेत: २३ अंश सेल्सिअसच्या खाली ज्याची वाफ पेट घेऊ शकते तो 'अ', २३ ते ६५ 'ब' आणि ६५ ते ९३ 'क'. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वापरली जाणारी थिनर आणि सॉल्व्हंटं यांतल्या कुठल्या वर्गात बसतात, यावर परवाना लागेल की नाही आणि किती साठ्यापासून लागेल हे ठरतं. मोठ्या साठ्याचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे 'पेसो', देते. १४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. त्यात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. एकमेकांशी न जमणारा माल शेजारी ठेवू नये, हा धडा आपल्या राज्यानं तिथं शिकला. ती तारीख आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळली जाते.

१९४८चा कारखाने कायदा गोदामाच्या दारापर्यंत येऊन थांबला. त्याची नजर उत्पादन प्रक्रियेवर होती. माल नुसता ठेवला तर तो कारखाना नव्हे. मोठ्या ड्रममधून लहान कॅन भरून पॅक करायला लागलं, तर मात्र ती 'प्रक्रिया' ठरू शकते. सातपूरची वसाहत साठच्या दशकात उभी राहिली, पुढे अंबड आणि सिन्नर वाढलं, पण साठवणुकीकडे बघायची ही पद्धत तशीच राहिली.

ती बदलली भोपाळमुळे. २ डिसेंबर १९८४च्या रात्री तिथं जो वायू सुटला, तो साठवणुकीच्या टाकीतून सुटला होता. १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती आणि १९८९चे घातक रसायनांचं उत्पादन, साठवण व आयात यांबद्दलचे नियम हे सगळं त्यानंतरचं. १९८९च्या नियमांत कारखान्यापासून सुट्या साठ्याला पहिल्यांदा स्वतःची अनुसूची मिळाली. क्लोरिन १० टन, अमोनिया ६० टन अशा मर्यादा आखल्या गेल्या. साठा त्यापुढे गेला की संकटाचा आराखडा, दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम आणि मोठा अपघात झाल्यास ४८ तासांत कळवणं बंधनकारक झालं. १९९६च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणला.

पण आकड्याची रेघ आखली की रेघेखालचं सुटतं. पाणी शुद्धीकरणाला लागणारे क्लोरिनचे ९०० किलोचे दहा टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, एका शेडमध्ये उभे केले, तरी ते १० टनांच्या आतच राहतात.

राज्याच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानं आणखी एक कागद वाढवला. दर जानेवारीत आणि जुलैत आगरोधक यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ही संस्था मालकानंच पैसे देऊन नेमलेली असते. मला हे आजवर पटलेलं नाही.

नाशिक जिल्ह्याला तपासणीची खरी किंमत २५ जानेवारी २०११ला कळली. मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोच्या परिसरात इंधनाची भेसळ करणाऱ्यांना हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथंच जिवंत जाळण्यात आलं. बेकायदा साठ्यावर जाणारा अधिकारी कशाला सामोरा जातो, हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे २१ एप्रिल २०२१ला महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली आणि निदान २२ रुग्ण गेले. द्रवरूप ऑक्सिजनची टाकी दाबपात्रांच्या २०१६च्या नियमांत येते, म्हणजे पुन्हा पेसोकडे. रुग्णालयाच्या आवारातही साठवणूक असते, हे त्या दिवसापर्यंत फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

ड्रम उचलणाऱ्या हमालाचं काय? १९८७च्या दुरुस्तीनं कामगाराला समोर दिसणाऱ्या धोक्याबद्दल इशारा देण्याचा हक्क दिला, पण तो कारखान्यातल्या कामगाराला. गोदामातला हमाल त्यातून बाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा हक्क दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेपर्यंत पोचला आहे, मग तिथं उत्पादन होवो न होवो. महामार्गालगतच्या मोठ्या गोदामांना तो आकडा लागू पडेल. पिंपळगावच्या दुकानामागच्या खोलीत मात्र दोनच जण काम करत असतात.