बोटं टोचून लकवा थांबत नाही

‘लकव्याचा झटका आला तर सुईने दहाही बोटांची टोकं टोचा, रक्ताचे थेंब काढा, माणूस वाचतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण उपाय खरा नाही.

झटका येतो तो मेंदूत. दहापैकी साधारण आठ वेळा तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, उरलेल्या वेळी वाहिनी फुटलेली. अंगात जवळपास पाच लिटर रक्त. बोटातून निघतात दहा थेंब, म्हणजे चमचाभरही नाही. त्याने गुठळी हलत नाही, दाबही उतरत नाही.

मग काहींना बरं कसं वाटलं? काही झटके मिनिटांत आपोआप ओसरतात, आणि श्रेय सुईला जातं. असा झटका पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतो, म्हणून तेव्हाही दवाखाना गाठायचाच.

पडताळायचं असेल तर मेंदूविकार तज्ज्ञाला एवढंच विचारा: सीटी स्कॅन आधी का करता? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वाहिनी फुटली असेल तर तेच घातक. बाहेरून बघून फरक कळत नाही. (म्हणूनच घरची ॲस्पिरिनही नको.)

हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का? दोन्ही हात वर धरवतात का? बोलणं अडखळतंय? एकही खूण दिसली तर १०८ लावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.